इंदूरच्या उन्हात कीटकभक्षी वनस्पती वाढवायच्या असतील, तर सुरुवात पाण्यापासून करावी

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. इंदूरसारख्या शहरात, जिथे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, घरच्या गच्चीवर कीटकभक्षी वनस्पती जगू शकतील का, ही पहिली. आणि मुलीला सुट्टी लागण्याआधी ऑनलाइन व्हीनस फ्लायट्रॅप, म्हणजे कीटक आत आला की ज्याचे पान मिटते ते झाड, मागवावा का, ही दुसरी. पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंशय ‘होय’ असे आहे. दुसऱ्याचे उत्तर, निदान या उन्हाळ्यापुरते, ‘नाही’ असे आहे, आणि ते का, हे जरा सविस्तर सांगतो. मी लोकमान्य नगरात राहतो आणि गेली सात वर्षे गच्चीच्या पूर्वेकडील कठड्यालगत ही झाडे वाढवत आहे. त्याआधीच्या वर्षी माझी तीन झाडे लागोपाठ मेली आणि ती तिन्ही मी मनापासून काळजी घेतल्यामुळेच मेली. गुलाबाला आणि मोगऱ्याला आपण जे प्रेमाने देतो, म्हणजे माळव्याची काळी माती, मूठभर शेणखत आणि नळाचे पाणी, तेच या झाडांना विषासारखे असते.

याचे कारण त्यांच्या मूळ ठिकाणी आहे. साताऱ्याजवळचे कास पठार आपण पावसाळ्यात पाहिले असेल, तर हे लगेच लक्षात येईल. जांभ्या खडकावर बोटभर मातीचा थर असतो आणि पावसाळाभर त्यावरून पाणी वाहत राहिल्याने त्यातले पोषण धुऊन निघालेले असते. अशा जागी, जिथे दुसऱ्या झाडांना उपाशी राहावे लागते, तिथे दवबिंदू (ड्रोसेरा) आणि सीतेची आसवे या कीटकभक्षी वनस्पती मजेत वाढतात. सीतेच्या आसवांची जांभळी फुले सगळेच पाहतात, पण त्याच झाडाच्या ओल्या मातीतल्या भागावर सूक्ष्म पिशव्या असतात आणि त्या पाण्यातला बारीक जीव एका सेकंदाच्या अगदी लहानशा हिश्श्यात आत ओढून घेतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते. नत्र आणि स्फुरद ही झाडे कीटकांकडून मिळवतात. त्यांच्या मुळांना क्षारांची सवयच नसते, म्हणून कुंडीत क्षार साठले की मुळे कुजतात.

म्हणून माझा आग्रह असा आहे की, झाड मागवण्याआधी टीडीएस मीटर मागवावा. तो तीन-चारशे रुपयांत मिळतो आणि एक लिटर पाण्यात किती मिलिग्रॅम क्षार विरघळले आहेत ते लगेच दाखवतो. या झाडांसाठी ५० च्या आतला आकडा उत्तम आणि १०० ही शेवटची मर्यादा समजावी. माझ्या घरी मी मोजले तेव्हा बोअरिंगच्या पाण्याचा आकडा ७४० आला, नर्मदेच्या नळाचा २६० आणि स्वयंपाकघरातल्या आरओचा ९०. हा ९० पाहून मला आश्चर्य वाटले होते. नंतर कळले की, पुष्कळ घरगुती यंत्रांत पाण्याला चव यावी म्हणून थोडे क्षार परत मिसळले जातात. त्यामुळे ‘आमच्याकडे आरओ आहे’ एवढ्यावर विसंबून राहू नये, मोजूनच घ्यावे.

नर्मदेचे पाणी आपण पितो, मग झाडाला का चालू नये, असे आपल्याला वाटेल. पण ही झाडे तबकात पाणी ठेवून खालून भिजवायची असतात आणि उन्हाने वरून फक्त पाणी उडून जाते, क्षार मात्र कुंडीतच राहतात. चार कुंड्यांच्या तबकाला मे महिन्यात रोज अर्धा लिटर पाणी लागते असे धरले, तर २६० च्या पाण्यातून महिन्याला जवळजवळ ४ ग्रॅम क्षार, म्हणजे चहाच्या चमच्याने साधारण पाऊण चमचा, त्या कुंड्यांत जमा होतात. दोन महिन्यांनी मातीवर पांढरट थर दिसू लागतो, आणि तो दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

सर्वांत चांगले पाणी पावसाचे. इंदुरात वर्षाला साधारण ९०० ते १००० मिलिमीटर पाऊस पडतो, तेव्हा आपल्याला चिंता नाही. गच्चीवर ३ मीटर लांब-रुंद प्लास्टिकचा कागद चारी कोपऱ्यांनी बांधला आणि मध्ये उतार दिला, तर २५ मिलिमीटरच्या एका सरीत सव्वादोनशे लिटर पाणी मिळते. पहिल्या दोन-तीन सरींचे पाणी धुळीचे असते, ते सोडून द्यावे. पुढचे पिंपात भरून तोंडाला दुहेरी मलमल घट्ट बांधावी, नाहीतर डासांची पैदास होते. माझ्याकडे शंभर लिटरची दोन पिंपे आहेत आणि ती मला पुढच्या जूनपर्यंत पुरतात. एसीचे पाणीही मीटरवर शुद्ध दिसते, परंतु ते धातूच्या नळ्यांवरून आणि धुळीवरून ओघळलेले असते, म्हणून मी ते वापरत नाही. पाऊस येईपर्यंत अडले, तर बॅटरीचे डिस्टिल्ड वॉटर मोजून घ्यावे.

मातीच्या बाबतीत थोडक्यात सांगतो. पीट मॉस (दलदलीतल्या शेवाळाचा भुसा) आणि परलाइट (मातीत मिसळायचे हलके पांढरे खडे) समप्रमाणात घ्यावे, खत काहीही घालू नये, आणि कुंडी प्लास्टिकचीच घ्यावी. कोरडे पीट मॉस पाणी धरत नाही, ते रात्रभर भिजवून हाताने चोळून घ्यावे. परलाइटची धूळ श्वासात जाऊ नये म्हणून ते ओले करूनच हाताळावे. नर्सरीत पुष्कळदा पीट मॉस म्हणून कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, दिले जाते आणि कोकोपीटमध्ये मीठ असते. शंका आली, तर ओंजळभर मिश्रण पावसाच्या पाण्यात एक रात्र भिजवावे, ते पाणी गाळून मीटर लावावा आणि आकडा ५० च्या वर गेला, तर पुन्हा धुवावे.

आता झाड कोणते निवडावे, हा प्रश्न. मी आपल्याला दवबिंदू सुचवतो, आणि त्यातही ड्रोसेरा बर्मानी ही जात. भारतापासून ऑस्ट्रेलियापर्यंत ती निसर्गतः वाढते, त्यामुळे उष्णता तिला परकी नाही. संपूर्ण झाड जुन्या रुपयाच्या नाण्याएवढे, जमिनीला चिकटून चक्रासारखे पसरलेले असते. पानांवर तांबूस केस असतात आणि प्रत्येक केसाच्या टोकाला एक चकाकणारा थेंब असतो. सकाळी नऊ वाजता कठड्यावरचे दव वाळून जाते, तेव्हाही हे थेंब तसेच असतात, कारण ते पाणी नसून चिकट द्रव असतो. एकदा पुतणीला भिंग देऊन मी कुंडीजवळ बसवले होते. केळीच्या सालीभोवती घोंगावणारे एक चिलट पानाच्या कडेवर उतरले, त्याने एक पाय उचलला तर तार निघाली, दुसरा उचलला तर तो पहिल्यापेक्षा अधिक रुतला. तेवढ्यात कडेचे लांब केस आत वळू लागले आणि तिने दहापर्यंत आकडे म्हणायच्या आत ते चिलटावर टेकले होते. ती म्हणाली, “काका, पाऊस पडल्यावर हे असंच मिटत असेल का?” हा प्रश्न फार चांगला होता. चार्ल्स डार्विन यांनी दवबिंदूवर अनेक वर्षे प्रयोग करून १८७५ साली ते प्रसिद्ध केले, त्यांत त्यांनी हेच तपासले होते. पाण्याच्या थेंबांनी केस वळत नाहीत, पण मांस, दूध किंवा अंड्याचा पांढरा बलक असे नत्र असलेले काही लागले की वळतात. झाडाला नेमके काय हवे आहे, ते झाड असे स्वतःच सांगते.

ऊन भरपूर हवे. पानांवर लाली आणि थेंब असतील, तर प्रकाश पुरेसा आहे. पाने हिरवी, लांबट आणि कोरडी झाली, तर कमी आहे, असे समजावे. जून ते मार्च सकाळचे थेट ऊन द्यावे, आणि एप्रिलपासून साडेदहानंतर हिरव्या जाळीची सावली करावी. खरा धोका उन्हापेक्षा कुंडी तापण्याचा असतो. काळ्या प्लास्टिकची लहान कुंडी मे महिन्यात दुपारी हाताला चटका देते, मग मुळांचे काय होत असेल! त्यावर मी माठाचा उपाय करतो. मातीची एक मोठी कुंडी घेऊन तिच्यात तळाला वाळू भरतो, त्यावर दवबिंदूची पांढरी कुंडी तिच्या तबकासकट ठेवतो आणि सभोवती वाळू भरून ती साध्या नळाच्या पाण्याने ओली ठेवतो. नळाचे पाणी तबकात जाणार नाही, एवढीच दक्षता घ्यावी लागते. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा असल्यामुळे बाहेरच्या मातीतून पाणी उडते आणि आतली कुंडी माठातल्या पाण्यासारखी थंड राहते. शिवाय माळव्यातल्या रात्री तुलनेने थंड असतात, ‘शब-ए-माळवा’ म्हणतात ते उगीच नव्हे, आणि झाडाला रात्रीचा हा विसावा फार उपयोगी पडतो.

खायला घालण्याची घाई करू नये. गच्चीवरचे झाड आपले चिलट आपण पकडते. घरात ठेवले असेल, तर पंधरा दिवसांतून एकदा माशांच्या खाद्याचा पाण्यात भिजवलेला, मोहरीहून लहान कण एका पानावर ठेवावा. मटणाचा तुकडा किंवा चीज ठेवले, तर बुरशी येते आणि पान जाते. या झाडांनी घरातले डास संपतील, अशी अपेक्षाही ठेवू नये.

व्हीनस फ्लायट्रॅपबद्दल मला आकस नाही, ते अद्भुत झाड आहे. त्याच्या पानातल्या केसांना साधारण वीस सेकंदांत दोनदा स्पर्श झाला तरच ते मिटते, म्हणजे वाऱ्याने पडलेल्या एखाद्या कणासाठी ते शक्ती वाया घालवत नाही. पण एक पान आयुष्यात मोजक्याच वेळा मिटू शकते आणि घरात लहान मूल असले की बोट लावण्याचा मोह आवरत नाही. दुसरे असे की, हे झाड अमेरिकेतल्या उत्तर आणि दक्षिण कॅरोलिना या राज्यांतले आहे आणि त्याला तीन-चार महिन्यांची थंड विश्रांती लागते. आपल्याकडच्या डिसेंबर-जानेवारीतल्या रात्री त्याला मानवतात, परंतु त्याआधी त्याला मे महिना पार करावा लागतो. दवबिंदूबरोबर एक पूर्ण वर्ष काढल्यावर, पाण्याची आणि सावलीची घडी बसल्यावर ते आणावे. त्याचे बी मात्र विकत घेऊ नये. निळ्या-जांभळ्या फ्लायट्रॅपची चित्रे दाखवून विकले जाणारे बी फसवे असते, आणि खरे मिळाले तरी झाड मोठे व्हायला तीन-चार वर्षे लागतात.

घटपर्णीचा, म्हणजे पानाच्या टोकाला कीटक पकडणारे घट लागतात त्या झाडाचा, विचार असेल, तर ‘व्हेंट्राटा’ हा संकर घ्यावा. तो टांगत्या कुंडीत, तबकात पाणी न ठेवता, स्फॅग्नम मॉस (वाळवलेले शेवाळ) आणि परलाइटमध्ये चांगला वाढतो. उन्हाळ्यात कोरड्या हवेमुळे नवे घट धरत नाहीत, पानाच्या टोकाचा तंतू तसाच वाळतो. त्याने घाबरून जाऊ नये, जुलैत घट पुन्हा येतात. भारतातली एकमेव घटपर्णी मेघालयातली नेपेंथिस खासियाना ही आहे. तिला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, म्हणून कोणी जंगलातून काढलेले रोप देऊ केले, तर घेऊ नये. कासच्या पठारावरूनही काही उपटून आणू नये, ते इथे जगत नाही आणि तिथली जागा रिकामी होते.

आज आपण मागवले, तर रोप तीन-चार दिवस तापलेल्या खोक्यात प्रवास करील. म्हणून मुलीच्या सुट्टीत मीटर, पीट मॉस, पिंप आणि प्लास्टिकचा कागद यांची तयारी करावी, घरातले प्रत्येक पाणी तिलाच मोजू द्यावे, आणि रोप जुलैच्या पहिल्या आठवड्यात मागवावे. आल्यावर चार-पाच दिवस पारदर्शक पिशवीखाली सावलीत ठेवून मग हळूहळू उन्हात सरकवावे. त्या दिवसांत थेंब नसतील, ते नव्या पानांवर येतील. पावसाळा सरल्यावर मधून एक बारीक दांडा वर येतो, त्यावर लहान पांढरी फुले ऊन असतानाच उघडतात आणि परागण आपोआप होते. बोंड तपकिरी झाले की पांढऱ्या कागदावर झटकावे, काळ्या धुळीसारखे बी पडते. त्याची पुडी करून कोरड्या जागी ठेवावी आणि थोडे त्याच कुंडीत वरच्यावर भुरभुरावे, मातीने झाकू नये, कारण उगवायला त्याला प्रकाश लागतो. ही जात बहुधा वर्षभरच जगते, तेव्हा उन्हाळ्याच्या तोंडाशी मूळ झाड वाळले, तर कुंडी रिकामी करू नये आणि तबकातले पाणी चालू ठेवावे. माझ्या कुंडीत पहिली पिल्ले तीन आठवड्यांनी दिसली. ती टाचणीच्या डोक्याएवढी होती, आणि भिंगातून पाहिले तेव्हा प्रत्येकाच्या पानावर थेंब आलेले होते.