गनस्मिथकडून १९११ (कोल्ट पद्धतीचं पिस्तूल) परत आलं की

अभिनंदन! इतके महिने थांबलास, आता अर्धा तास आणखी थांब. अमेरिकेत दुरुस्तीला दिलेलं पिस्तूल गनस्मिथ, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा कारागीर, थेट मालकाला पाठवू शकतो, म्हणून ते हातात पडताच रेंजवर पळायची घाई होते.

आधी मॅगझिन काढ, स्लाइड (वरचा सरकणारा भाग) मागे ओढ, चेंबरमध्ये (गोळी बसते त्या जागेत) बोट घालून ती रिकामी असल्याची खात्री कर. गोळ्या दुसऱ्या खोलीत. मग हॅमर (मागचा हातोडा) चढव, थंब सेफ्टी (अंगठ्याने लावायची कळ) लाव, नळी सुरक्षित दिशेला धरून ट्रिगर जोरात दाब. हॅमर पडता कामा नये. ट्रिगर सोड, सेफ्टी काढ आणि कान जवळ नेऊन हॅमर अंगठ्याने हळूच मागे ओढ. बारीकसा ‘टक्’ आला, तर सियर (चढवलेला हॅमर अडवून धरणारा छोटा भाग) सेफ्टी लावलेली असतानाही जागचा हलला होता. तसंच परत पाठव. माझ्या पहिल्या पिस्तुलात तो टक् होता, आणि कारागीर म्हणत होता, ट्रिगर लोण्यासारखा केलाय!

ग्रिप सेफ्टीही (मुठीच्या मागची दाबपट्टी) बघ: ती दाबलेली नसताना ट्रिगर दाबला तरी हॅमर पडता कामा नये. रिकाम्या चेंबरवर स्लाइड धाडकन सोडू नकोस. नव्याने घासलेल्या सियरला ते सोसत नाही.

रेंजवर सुरुवातीला मॅगझिनमध्ये दोनच गोळ्या भर. एका दाबात दोन्ही सुटल्या तर त्या दिवशी पिस्तूल पेटीत. नाहीतर २३० ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) वजनाच्या साध्या गोळ्यांचे चार डबे सावकाश उडव.