वॉक-इनच्या दारावरचा तक्ता

प्रिय,

तुझा मेसेज रात्री साडेबाराला आला तेव्हा मी जागाच होतो. ‘सर, जीएम झाले. ठाण्याचंच स्टोअर, स्टेशनजवळचं.’ मी दोनदा वाचला आणि हिला उठवून दाखवला. नऊ वर्षांपूर्वी बारावीची परीक्षा संपली आणि तू काउंटरवर उभी राहिलीस. पहिल्या दिवशी गल्ला मोजताना हात थरथरत होते तुझे. आज जनरल मॅनेजर म्हणून त्याच हातांत फास्ट फूडचं अख्खं स्टोअर आलंय, चाळीसेक पोरं-पोरी आल्यात. अभिनंदन फोनवर करून झालं. पण फोनवर काही गोष्टी घाईत राहून जातात, म्हणून बसून लिहितोय.

शिफ्ट मॅनेजर असताना शिफ्ट संपली की तू मोकळी व्हायचीस. आता महिना तुझा. सेल, फूड कॉस्ट (मालावरचा खर्च), लेबर (पगारावरचा खर्च), वेस्टेज (टाकून दिलेला माल), ऑडिटचे मार्क, तक्रारी असं सगळं वरून टक्केवारीत विचारलं जाईल, आणि रोज विचारलं जाईल. यातला प्रत्येक आकडा दोन तऱ्हांनी सुधारता येतो. एक तर काम सुधारायचं, नाही तर कागद सुधारायचा. कागद सुधारायला पाच मिनिटं पुरतात आणि सुरुवातीला कुणाच्या लक्षातही येत नाही. मी ते एकदा माझ्या स्टोअरमध्ये होऊ दिलं. ती गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती.

जुलै महिना होता, रात्रभर धो धो पाऊस. सकाळी सहाला मी ओपनिंगला गेलो. वॉक-इन चिलरचं, म्हणजे माल ठेवायच्या थंड खोलीचं, दार उघडलं तर नेहमी अंगावर येतो तो गार झोत आलाच नाही. आत दमट, कोंदट हवा. लेट्यूसच्या पिशव्यांना आतून घाम सुटलेला. तापमान मोजायचा प्रोब घातला, ११ अंश. चिलर ५ च्या आत असायला हवा हे तुला झोपेतसुद्धा माहीत आहे. मग दारावरचा तापमानाचा तक्ता पाहिला. रात्री दहा, बारा, दोन, चार, सगळीकडे ‘४’. चारही आकडे एकाच पेनाने, एकाच तिरक्या वळणाने, एका दमात लिहिलेले. दोनचा आकडा लिहिला तेव्हा दोन वाजलेच नव्हते, हे बघताक्षणी कळत होतं.

क्लोजिंगचा मुलगा चांगला होता, मेहनती होता. त्याला समोर बसवून विचारलं. म्हणाला, “सर, बाराला ९ दिसला. पण मागच्या महिन्यात वेस्टेज वाढलं म्हणून तुम्ही सगळ्यांसमोर बोलला होतात. ९ लिहिला असता तर माल टाकावा लागला असता.” त्याला ओरडायला माझ्याकडे तोंडच नव्हतं. तक्त्यावरचा तो चार त्याने लिहिला, पण त्याच्याकडून लिहून मी घेतला होता. त्या सकाळी बर्फ उतरवलेलं चिकन, चीज, सॉस, कापलेली भाजी, सगळं पाकिटं फोडून टाकलं आणि वेस्टेजच्या वहीत माझ्या सहीने लिहिलं. महिन्याची फूड कॉस्ट गेली, माझा इन्सेंटिव्हही गेला. दुपारी दोनशे मुलांचं एक कॉलेज सुटायचं आपल्या दारात. त्यांच्यापैकी कुणाच्या पोटात ते गेलं नाही, यावर मी आजही रात्री निवांत झोपतो.

म्हणून पहिल्याच टीम मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांग, वाईट आकडा घेऊन जो माझ्याकडे येईल त्याला मी कधी ओरडणार नाही. आणि तसं वाग. पहिल्या वेळी कुणी मुलगी येऊन सांगेल, ‘मॅडम, पॅटीचा अख्खा ट्रे पडला,’ तेव्हा तुझा चेहरा कसा होतो हे सगळा क्रू बघत असेल. पुढचं वर्षभर वह्या कशा लिहिल्या जातील ते त्या क्षणी ठरतं.

तापमान स्वतः घ्यायची सवय मोडू नकोस. बर्फाच्या चुऱ्यात थोडं पाणी घालून त्यात प्रोब धर, शून्य दाखवलं तर प्रोबवर विश्वास. एक-दोन अंश इकडेतिकडे असेल तर सगळी वहीच खोटी. फ्रीझर उणे १८, गरम ठेवलेला माल ६० च्या वर, चिकनच्या गाभ्यात ७५, हे तुला येतंच. पण जीएम स्वतः गुडघ्यावर बसून खालच्या रॅकमधलं तापमान घेतोय हे पोरांना दिसलं पाहिजे.

तेलाचंही तसंच. एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचा, नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे, तेलात टोटल पोलर कंपाउंड (तेल पुन्हापुन्हा तापून तयार होणारे घटक) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही. मीटर असेल तर रोज मोज. पण तेल लवकर मरतं कशाने ते मुलांना समजावून सांग, कारण नुसत्या नियमाने तेल वाचत नाही. फ्राइजला लागलेला बर्फ बास्केट फ्रायरवर धरून झटकला की पाणी तेलात जातं. मीठही तिथेच मारलं की मीठ जातं. तळाशी चुरा जळत राहतो. गिऱ्हाईक नसताना दोन्ही फ्रायर तापत ठेवले की तेल उगाच भाजत बसतं. बास्केट बाजूला झटका, मीठ दूर मारा, दुपारी गर्दी ओसरली की एक फ्रायर बंद करा, रात्री न चुकता फिल्टर करा. एवढं केलं तर तेल जास्त दिवस चालतं, आणि फूड कॉस्ट काम सुधारून खाली येते. तेल आणखी दोन दिवस ओढून आकडा खाली आणणारे मॅनेजर मी पाहिलेत. त्यांच्या स्टोअरच्या फ्राइजला जिभेवर एक कडवट मागचव असते. गिऱ्हाईक तक्रार करत नाही, फक्त परत येत नाही.

महिनाअखेरचा स्टॉक स्वतः मोज. सुरुवातीचा साठा अधिक खरेदी वजा शेवटचा साठा, म्हणजे प्रत्यक्ष वापर. विकलेल्या पदार्थांच्या रेसिपीवरून किती लागायला हवं होतं ते काढ. मधली तफावत कुठे जाते ते शोधायचं. चोरीचा संशय सगळ्यात आधी येतो, तो सगळ्यात शेवटी घे. समजा फ्राइजचं पाकीट ११० ग्रॅमचं आहे आणि पोरं प्रेमाने १२५ भरतात. दिवसाला चारशे पाकिटं गेली तर रोज ६ किलो गेले, महिन्याला १८० किलो. इथे चोर कुणीच नाही, फक्त स्कूप कसा धरायचा ते कुणी नीट दाखवलेलं नाही. नव्या मुलाजवळ उभी राहा, दहा पाकिटं भरायला लाव आणि दहाही काट्यावर ठेव.

आता रोस्टर, म्हणजे कोण कुठल्या शिफ्टला त्याचा तक्ता. इथे मला सगळ्यात जास्त सांगायचंय, कारण इथे कागदावरच्या चौकोनात माणूस बसवायचा असतो.

तुझ्याकडची निम्मी पोरं बदलापूर, टिटवाळा, आसनगावहून येणार. तुला स्वतःला आठवत असेल, क्लोजिंग लांबलं की तू घड्याळाकडे बघत फरशी पुसायचीस, शेवटची कर्जत सुटेल म्हणून. ती नजर ओळखणारी जीएम त्यांना मिळाली आहे, तो फायदा वाया घालवू नकोस. ज्याची शेवटची गाडी आहे त्याला क्लोजिंगला टाकूच नकोस, आणि टाकलंस तर त्याला सोडायची वेळ रोस्टरवरच लिही. प्रत्येकाकडून कॉलेजचं परीक्षेचं वेळापत्रक आधी मागून घे. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावीची मुलं मिळणार नाहीत हे जानेवारीतच धरून चाल आणि नवी भरती दिवाळीनंतर लगेच सुरू कर. परीक्षेसाठी सुट्टी मागायला खोटं आजारपण सांगावं लागतं तिथली मुलं टिकत नाहीत, आणि टिकली तरी खोटं बोलायला शिकून टिकतात.

रोस्टर पेन्सिलने आधी कागदावर मांड. सिस्टीम मागच्या आठवड्यांच्या सेलवरून अंदाज देईल, पण तिच्याकडे आपलं पंचांग नसतं. श्रावण लागला की चिकनचा खप उतरतो आणि व्हेजची लाइन दमते. आदल्या आठवड्यात उलटं. नवरात्रात पुन्हा तेच, मार्गशीर्षात गुरुवार बघ. ठाण्यात दहीहंडीला तर रस्ते सकाळपासूनच भरतात. मालाची गाडी आदल्या रात्रीच उतरवून घे आणि डिलिव्हरीचा भरवसा धरू नकोस. विसर्जनाच्या रात्री बारानंतर दमलेली, भिजलेली, गुलालाने माखलेली माणसं येतात आणि त्यांना पटकन, गरम काहीतरी हवं असतं. त्या रात्री तुझ्या हाताखालची सगळ्यात शांत माणसं काउंटरला ठेव.

लेबरचा टक्का वर गेला की एक घाणेरडी सवय धंद्यात आहे, तुलाही कुणीतरी सुचवेल. पोराला पंच आउट करायला, म्हणजे काम संपल्याची नोंद करायला, सांगायचं आणि मग ‘जरा भांडी आटप’ म्हणायचं. ते कधीच करू नकोस. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाचा अर्धा तास चोरून आपला रिपोर्ट हिरवा करायचा, याला माझ्याकडे दुसरा शब्द नाही. ओव्हरटाइम झाला तर कायद्याने दुप्पट दराने लागतो, तो लाव. वरून विचारलं तर कारण सांग. आणि महाराष्ट्राच्या दुकाने-आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यात बाईला रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवायचं तर तिची संमती, तिची सुरक्षितता आणि तिला घराच्या दारापर्यंत पोचवायची सोय, हे तिन्ही सांगितलंय. रिक्षाचे पैसे हातावर ठेवले म्हणजे सोय झाली असं मानू नकोस. ती पोचल्याचा मेसेज आल्याशिवाय तू झोपू नकोस. तुझा मेसेज येईपर्यंत मीही जागा असायचो.

गिऱ्हाइकाबद्दल एकच सांगतो. एकदा संकष्टीच्या दिवशी एक आजी नातवाला घेऊन आल्या. काउंटरवर विचारलं, “बाळा, याच तेलात चिकन तळत नाही ना?” नव्या मुलाने घाईत “नाही नाही आजी” म्हटलं. उत्तर बरोबर होतं, आपले फ्रायर वेगळेच होते. पण त्याला ते माहीत नव्हतं, त्याने लाइन पुढे सरकावी म्हणून म्हटलं होतं. मी त्याला नंतर आत नेलं, व्हेजचा फ्रायर दाखवला, वेगळे चिमटे, वेगळे एप्रन दाखवले. मग तोच बाहेर गेला आणि आजींच्या टेबलाशी वाकून सगळं सांगून आला. त्या माऊलीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तुझ्या काउंटरवर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या दिवशी किचन पाहिलेलं असू दे, म्हणजे तो जे बोलेल ते पाहून बोलेल.

बाकीचं थोडक्यात. लायसन्सची मुदत, सगळ्यांची वार्षिक वैद्यकीय तपासणी आणि टायफॉइडची लस, पंचवीस जणांमागे एक प्रशिक्षित सुपरवायझर, या तारखा भिंतीवर लाव. पेस्ट कंट्रोलवाला आला की त्याच्याबरोबर फिर. आणि मागचं दार. २९ डिसेंबर २०१७ ला लोअर परळच्या कमला मिल आवारात रेस्टॉरंटला आग लागली आणि १४ माणसं गेली, बहुतेक धुरात गुदमरून. दुसऱ्या दिवशी मी आमच्या मागच्या दाराशी गेलो तर तिथे कोकच्या क्रेट आणि टिश्यूची खोकी छातीपर्यंत रचलेली होती. ऑडिटच्या वहीत मात्र ‘मार्ग मोकळा’वर दर आठवड्याची खूण होती. खोकी मी स्वतः हलवली. तू रोज एकदा ते दार उघडून बाहेर पाऊल टाकून परत ये.

एरिया मॅनेजर आला की स्टोअर त्याच्यासाठी वेगळं सजवू नकोस. जे बिघडलंय ते तूच आधी दाखव, कधी सुधारणार ती तारीख सांग आणि ती पाळ. एक-दोनदा बोलणी खाशील. त्यानंतर तुझ्या स्टोअरच्या आकड्यावर तो पुन्हा प्रश्न विचारणार नाही, आणि तू जादा माणूस मागितलास तर मिळेल.

डब्बा घेऊन जात जा. क्रू मीलवर, म्हणजे स्टोअरच्याच खाण्यावर, राहिलो आणि चाळिशीत शुगर लागली, हे मी तुला आधीच सांगायला हवं होतं. आठवड्याची सुट्टी घे, आणि त्या दिवशी फोन शिफ्ट मॅनेजरने उचलू दे. त्याला निर्णय घ्यायची सवय कधीतरी लागायलाच हवी.

पहिल्या महिन्याचा स्टॉक मोजून झाला की आकडा मला कळव, जसा असेल तसा. तफावत मोठी आली तर रविवारी सकाळी मी ठाण्याला येतो, काटा घेऊन फ्राइजच्या स्टेशनपासून सुरू करू.

तुझा,
सर