‘नाकाबंदी’ की लगाम?

रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकाचा अनुवाद करणाऱ्या एका भगिनींनी विचारले आहे की, कर्करोगावरील ‘चेकपॉइंट इनहिबिटर’ या औषधांना ‘नाकाबंदी औषधे’ म्हटले तर चालेल का. माझ्या मते चालणार नाही.

चेकपॉइंट म्हणजे नाका आणि त्याला निष्प्रभ करणारे ते नाकाबंदी, हा हिशेब वरवर चोख दिसतो. परंतु मराठीत नाकाबंदी म्हणजे नाका बंद पाडणे नव्हे, तर नाक्यावर पहारा बसवून येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवणे. ३१ डिसेंबरच्या रात्री पोलीस करतात ती. औषधाचे काम नेमके याच्या उलट आहे.

आपल्या टी पेशींनी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींनी, शरीराच्या निरोगी पेशींवरच तुटून पडू नये म्हणून त्यांच्या पृष्ठभागावर सीटीएलए-४ आणि पीडी-१ यांसारखी आवर घालणारी प्रथिने असतात. अनेक अर्बुदांच्या, म्हणजे कर्करोगाच्या गाठींच्या, पेशी पीडी-एल१ हे प्रथिन धारण करतात. ते पीडी-१ला जुळले की गाठीपर्यंत पोहोचलेली टी पेशीही थंड पडते. औषध ही जुळणी होऊ देत नाही. म्हणजे नाकाबंदी असलीच तर ती गाठीने केलेली असते आणि औषध ती उठवते. शिवाय जी पेशी शत्रूच्या दारात उभी राहूनही हात उगारत नाही, तिला ‘नाक्यावर अडलेली’ म्हणणेही पटत नाही.

म्हणून मला ‘लगाम’ अधिक समर्पक वाटतो. लगाम घोड्याच्या भल्यासाठीच असतो, आणि तो परक्याच्या हाती गेला की घोडा असून नसल्यासारखा होतो. लगाम सुटल्यावर घोडा उधळण्याची भीतीही या एका शब्दात येते, कारण या औषधांमुळे आतडे, थायरॉइड, फुप्फुस किंवा त्वचा यांवर स्वतःच्याच प्रतिकारयंत्रणेचा हल्ला होऊ शकतो. ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे औषध’ हा शब्दप्रयोग ही भीती लपवतो आणि रुग्णाला च्यवनप्राशाची आठवण करून देतो, म्हणून तोही टाळावा.

जेम्स ॲलिसन यांनी सीटीएलए-४वर केलेल्या आणि तासुकू होंजो यांनी १९९२ मध्ये उजेडात आणलेल्या पीडी-१वरील कामाला २०१८चे नोबेल पारितोषिक मिळाले, तेही ‘आवर काढून घेण्याच्या’ याच कल्पनेसाठी. पारिभाषिक शब्दच हवा असेल तर ‘निर्बंधमोचक’ सुचवतो. तो थोडा जड आहे, पण अर्थाने सरळ आहे.

मात्र हा शब्द सगळ्या इम्युनोथेरपीला, म्हणजे प्रतिकारयंत्रणेकरवी केल्या जाणाऱ्या सगळ्याच उपचारांना, लावू नये. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक रुग्णालय यांच्या सहकार्यातून घडलेल्या आणि २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळालेल्या ‘नेक्सकार१९’ या कार-टी उपचारात लगाम सोडवला जात नाही. रुग्णाच्याच टी पेशी बाहेर काढून, त्यांना रक्ताच्या काही कर्करोगांतील पेशींवरची सीडी१९ ही खूण ओळखण्याची नवी क्षमता देऊन परत शरीरात सोडतात.

माहितीपत्रकातील वाक्य मी असे लिहीन: ‘गाठीने तुमच्या प्रतिकारपेशींना घातलेला लगाम हे औषध सोडवते; त्यामुळे जुलाब, धाप किंवा अंगावर पुरळ दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.’