‘पीएच.डी. की समाजसेवा?’

सप्रेम नमस्कार,

तुमची मुलगी नांदेडला संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि प्लेसमेंट सोडून आरोग्य-शेतीच्या प्रश्नांवर एआय वापरण्यात पीएच.डी. करायची म्हणते. ‘हे संशोधन की समाजसेवा, आणि पोट भरेल का?’ हा तुमचा प्रश्न रास्त आहे.

आधी पोटाचं. जेआरएफची, म्हणजे पीएच.डी. करणाऱ्यांना मिळणाऱ्या सरकारी शिष्यवृत्तीची रक्कम २०२३पासून महिना ३७,००० रुपये आहे, दोन वर्षांनी ४२,०००. घरभाडं धरून एकटीचं भागतं. मात्र शैक्षणिक कर्जाचे हप्ते असतील तर आताच हिशेब मांडा.

आता संशोधनाचं. मुंबईची ‘आरमान’ ही संस्था ‘एममित्र’ सेवेतून गरोदर स्त्रियांना आणि नवमातांना फोनवर ध्वनिमुद्रित आरोग्यसंदेश मोफत ऐकवते. पण अनेकजणी हळूहळू फोन ऐकणं सोडतात. कार्यकर्त्या स्वतः फोन करून समजावू शकतात, पण आठवड्याला मोजक्याच जणींना. कोणाला करायचा? जी सोडून जाईल असं वाटतं, तिला, हे झालं सोपं उत्तर. हार्वर्डचे मिलिंद तांबे आणि सहकाऱ्यांनी प्रश्न फिरवला: फोन केल्याने जिचं वागणं बदलेल, तिला. २३,००३ स्त्रियांवर सात आठवडे चाचणी झाली आणि या पद्धतीच्या गटात ऐकणं सोडण्याचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी राहिलं. याचा शोधनिबंध २०२२ साली ‘एएएआय’ या एआयवरच्या नामवंत परिषदेत आला. समाजसेवा म्हणा, पण त्यात गणित कच्चं असून चालत नाही.

आणि नुसतं गणितही पुरत नाही. अपुऱ्या नोंदी, बंद पडलेले नंबर, संस्थेच्या लोकांशी महिनोन्महिने बैठका! मुलीला हा अर्धा भाग आवडतो का, हे मला पत्रातून कळलं नाही. उन्हाळ्यात अशा एखाद्या संस्थेत इंटर्नशिप करू द्या, तिथेच उलगडेल.

गेट या अभियांत्रिकीच्या पुढच्या शिक्षणासाठीच्या प्रवेशपरीक्षेत २०२४पासून ‘डेटा सायन्स अँड एआय’ हा स्वतंत्र पेपर आहे, तो तिने द्यावा. आयआयटी मुंबईचं ‘सितारा’ केंद्र ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करतं, तेही पाहावं. गाईड निवडताना संस्थेच्या नावावर भुलू नका. त्यांच्या आताच्या विद्यार्थ्यांना गाठून एकच विचारायचं: सरांचं काम प्रत्यक्ष कोण वापरतंय?

प्लेसमेंटला मात्र तिला बसू द्या. ऑफर हातात असली की नकारही शांतपणे देता येतो.