लोकलमध्ये जीव घाबरा होतो

प्रश्न : ताई, मी डोंबिवलीहून रोज लोकलने कामाला जाते. हल्ली गाडीत अचानक छाती धडधडते, बोटांना मुंग्या येतात, आता मरणारच असं वाटतं. ईसीजी, थायरॉइड सगळं नॉर्मल. आता स्टेशनची पायरी चढायचीच धास्ती बसलीय. काय करू?

उत्तर : तपासण्या आधी केल्यात, हे फार बरं झालं. हे पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक येणारे तीव्र भीतीचे झटके, वाटतात. असा झटका साधारण 10 मिनिटांत शिगेला पोचतो आणि ओसरतो. श्वास भराभर घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, म्हणून त्या मुंग्या. तेव्हा ‘खोल श्वास घे गं’ म्हणणाऱ्या बायकांकडे लक्ष देऊ नका (डब्यात अशा चारजणी असतातच). चार अंक मोजत नाकाने श्वास घ्या, सहा मोजत सावकाश सोडा.

खरी गोची पुढे आहे. गाडी टाळलीत की भीती बळावते. म्हणून दुपारच्या मोकळ्या गाडीने आधी फक्त कोपरपर्यंत जा. ते सवयीचं झालं की दिवा, मग ठाणे. धडधडलं तरी ठरलेल्या स्टेशनाआधी उतरायचं नाही. हे कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी उपचारपद्धती) करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाच्या मदतीने सोपं जातं. डॉक्टरांनी रोजची गोळी दिलीच तर गुण यायला काही आठवडे लागतात. मनाने बंद करू नका. उपाशीपोटी चहा मात्र आजपासून बंद. तोवर बोलावंसं वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलतात.