प्रश्न वाचकांचे : मतदान वेगळे, प्रभूचे मेज एक

प्रश्न : सलाम. आम्ही मिरजेचे असून तीन पिढ्यांपासून एकाच मंडळीचे (चर्चचे) सभासद आहोत. विधानसभेच्या निवडणुकीत माझ्या मोठ्या दिरांनी एका उमेदवाराचा उघड प्रचार केला. त्याने आमच्या दफनभूमीला कंपाउंडची भिंत बांधून दिली आणि चर्चकडे जाणारा रस्ता डांबरी करून दिला, हे त्यांचे कारण. माझ्या पतीचे म्हणणे असे, की त्या पक्षाचे पुढारी सभांमधून ख्रिस्ती लोकांविषयी विखारी बोलतात, त्यामुळे भिंतीच्या बदल्यात मत देणे म्हणजे आपल्याच माणसांना वाऱ्यावर सोडणे होय. रागाच्या भरात त्यांनी मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिरांना ‘यहूदा’, म्हणजे प्रभूला पैशांसाठी धरून देणारा शिष्य, म्हटले. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणे बंद आहे, बुधवारची घरगुती प्रार्थनासभा थांबली आहे आणि दीर रांगेत दिसले, की पती प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) न घेताच बाहेर पडतात. घरात राजकारण बोलूच नये असा नियम करावा का? की ज्याच्या मताने आपल्या लोकांची हानी होते त्याच्याशी संबंध तोडणे हेच विश्वासाला धरून आहे? – एक भगिनी, मिरज

उत्तर : सलाम, भगिनी. आपण दोन वाटा विचारल्या आहेत आणि दोन्ही मला मान्य नाहीत.

राजकारण बोलायचेच नाही हा नियम आपल्या घरांत टिकणार नाही आणि टिकूही नये. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध आले, दलित ख्रिस्ती मात्र आजही त्याच्या बाहेर आहेत. सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील आपल्या मंडळ्यांत ज्यांचे आजोबा-पणजोबा गावकुसाबाहेरून आले अशी पुष्कळ कुटुंबे आहेत. त्यांच्या मुलांच्या शिष्यवृत्तीचा, प्रवेशाचा आणि नोकरीचा प्रश्न त्या आदेशाशी जोडलेला आहे. अशा घरात ‘राजकारण नको’ म्हणणे म्हणजे लेकरांच्या उद्याविषयी बोलू नका असे सांगणे होय. आपल्या पतीला पुढाऱ्यांच्या विखारी भाषणांचा संताप आला, तो योग्यच आहे. त्या संतापाला प्रेमाच्या नावाखाली गप्प बसवावे असे मी सांगणार नाही.

संबंध तोडण्याविषयी मात्र प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेले पत्र आपण दोघांनी एका बैठकीत वाचावे अशी माझी विनंती आहे. निवडणूक आली, की त्यातील तेराव्या अध्यायाची पहिली ओळ तेवढी सर्वांना आठवते, कारण ती सत्तेविषयी आहे. पण पौल तिथे थांबत नाही. कर ज्याला द्यायचा त्याला द्या असे सांगून झाल्याबरोबर, आठव्या वचनात, तो एकमेकांवर प्रीती करण्याच्या ऋणाकडे वळतो आणि चौदाव्या अध्यायात भावाला तुच्छ लेखणाऱ्या व त्याचा न्याय करणाऱ्या दोन्ही गटांना समोर उभे करतो. या पत्रामागे एक राजकीय घटना आहे, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. सम्राट क्लौद्याने यहुद्यांना रोम सोडून जाण्याचा हुकूम दिला होता. अक्विला आणि प्रिस्किल्ला हे जोडपे त्यामुळेच करिंथात येऊन पोहोचले, असे प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायात आहे. पुढे हद्दपार झालेले लोक परतले तेव्हा रोममधील मंडळी बहुतांशी परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहूदी नसलेल्यांच्या, हाती गेलेली होती आणि खाण्यापिण्यावरून व सणवारांवरून तिच्यात तट पडले होते, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे राजसत्तेच्या एका निर्णयाने पोळलेली माणसे आणि त्याची झळ न लागलेली माणसे एकाच घरात उपासनेला बसत होती. आता त्या पत्राचा शेवटचा, सोळावा अध्याय पाहा. आपण तो नुसती नावांची यादी म्हणून ओलांडतो. पौल तिथे अक्विला व प्रिस्किल्ला यांना आणि त्यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीला सलाम सांगतो, यहूदी नातलगांना सांगतो, परराष्ट्रीय नावांच्या माणसांना सांगतो, कोणाला वगळत नाही, आणि एकमेकांना सलाम करा अशी सर्वांना आज्ञा देतो. ज्याच्याशी पटत नाही त्याला नाव घेऊन सलाम करणे हा त्या पत्राच्या शिकवणीचाच भाग आहे, असे मला मनापासून वाटते.

आपल्या दिरांना आपण दोघांनी एक गोष्ट विचारली आहे का, हे आपल्या पत्रावरून कळत नाही. दफनभूमीची भिंत त्यांना एवढी मोठी का वाटली? उघड्या दफनभूमीत गुरे शिरतात, कडेने हळूहळू अतिक्रमण होते आणि पुरलेल्या आईबापांच्या क्रुसावरची नावे पुसली जातात, हे ज्याने पाहिले आहे त्याला भिंत ही भिंतीपेक्षा मोठी वाटू शकते. त्यांचा निष्कर्ष चुकीचा असेल. मला स्वतःला असे वाटते, की एका कामाच्या बदल्यात विखारी भाषेकडे डोळेझाक करणे आपल्या समाजाला महागात पडते आणि हे त्यांना स्पष्टपणे सांगितले पाहिजे. पण निष्कर्ष चुकणे वेगळे आणि प्रभूला विकणे वेगळे. ‘यहूदा’ हा शब्द वापरणारा माणूस भावाच्या अंतःकरणात काय आहे हे आपल्याला ठाऊक असल्याचा दावा करतो, आणि तो दावा करण्याचा अधिकार कोणत्याही सभासदाला दिलेला नाही.

मतभेद असूनही नाते राखता येते, याचा एक दाखला आपल्याच भागातला आहे. कवी नारायण वामन टिळक यांनी १९१७ साली मिशनची पगारी सेवा सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ख्रिस्ती मंडळीने परदेशी मिशनच्या आधाराशिवाय आपल्या मातीत उभे राहावे, हा त्यांचा आग्रह होता आणि त्या काळात तो लहानसहान मतभेद नव्हता. तरीही ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या नियतकालिकाचे मराठी संपादन त्यांनी १९१९ साली मृत्यू येईपर्यंत केले. मत सोडले नाही आणि माणसेही सोडली नाहीत.

आता करायचे काय? मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने क्रम ठरवून दिला आहे : आधी एकट्याने भावाकडे जावे, मग एकदोघांना बरोबर न्यावे आणि मंडळीपुढे सर्वांत शेवटी. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा क्रम नेमका उलटा होतो. म्हणून आपल्या पतीने आधी भावाच्या घरी जाऊन तो शब्द मागे घ्यावा आणि त्यानंतर ज्या ग्रुपवर तो लिहिला त्याच ग्रुपवर दोन ओळींत क्षमा मागावी. तो संदेश नुसता पुसून टाकणे पुरेसे नाही, कारण ज्यांनी तो वाचला त्यांच्या मनातून तो पुसला जात नाही. क्षमा त्या शब्दाबद्दल मागायची आहे, मताबद्दल नाही. ‘तुझ्या उमेदवाराविषयी माझे मत तेच आहे’ हे त्याच बैठकीत सांगण्याला काहीच हरकत नाही.

पती लगेच तयार होणार नाहीत, हे मी गृहीत धरतो. तोवर आपण आणि आपल्या जाऊबाई सुरुवात करू शकता. फिलिप्पैच्या मंडळीत युवदीया आणि सुंतुखे यांच्यात बिनसले होते. पौल दोघींना वेगवेगळी विनंती करतो, कोणाचे चुकले हे लिहीत नाही आणि आपल्या एका सोबत्याला त्यांना साहाय्य करायला सांगतो. तशा सोबत्याची जागा आज आपल्या दोघींची आहे. बुधवारची प्रार्थनासभा जाऊबाईंच्या घरी ठेवा. पहिल्या बुधवारी दोघे भाऊ आले नाहीत तरी ती होऊ द्या, आणि चहाच्या वेळी निवडणुकीचा विषय कोणी काढला तर तो दाबू नका. एकाचे बोलणे पूर्ण होईपर्यंत दुसऱ्याने थांबावे, एवढेच पाळा.

प्रभुभोजनाविषयी मात्र मी थोडा कठोर होतो. भावाला पाहून मेजावरून उठून जाणे हे वरून भक्तिभावाचे दिसते, पण प्रभूने डोंगरावरील प्रवचनात अर्पण वेदीपुढे ठेवून भावाकडे जायला सांगितले आहे, घरी जायला नाही. पहिल्या रविवारी प्रभुभोजन असेल तर शनिवारची संध्याकाळ त्यासाठी राखून ठेवावी.

एक मर्यादाही सांगतो. उद्या दीर स्वतःच ख्रिस्ती बांधवांविषयी ती विखारी भाषा बोलू लागले किंवा मतासाठी कोणाला धमकावू लागले, तर त्यांना तोंडावर अडवणे हेही प्रेमाचेच काम आहे. अंत्युखियात पौलाने पेत्राला तोंडावर विरोध केला, आणि तरी करिंथकरांस लिहिताना उठलेल्या प्रभूला पाहिलेल्यांमध्ये केफाचे, म्हणजे पेत्राचेच, नाव तो आदराने पहिले घेतो.

प्रश्न : आमच्या मंडळीत नाताळच्या उपासनेत एका उमेदवाराचा सत्कार झाला आणि पाळकांनी (धर्मगुरूंनी) व्यासपीठावरूनच त्याला मत देण्याचे आवाहन केले. विरोध करणाऱ्या काही कुटुंबांनी येणे सोडले आहे. मीही मंडळी सोडावी का? – एक तरुण वाचक, सातारा

उत्तर : सोडू नये. पाळकांनी केले ते चुकीचे होते आणि याबाबत कायदाही स्पष्ट आहे. धार्मिक संस्थांच्या गैरवापराला प्रतिबंध करणाऱ्या १९८८ च्या कायद्यानुसार उपासनास्थळाची जागा राजकीय कार्याच्या प्रसारासाठी वापरता येत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार उमेदवाराने, किंवा त्याच्या संमतीने दुसऱ्या कोणी, धर्माच्या आधारावर मत मागणे हा भ्रष्ट आचार ठरतो, आणि २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने सांगितले, की मतदाराच्या धर्माचा आधार घेतला तरी तेच लागू होते. पण कायद्यापेक्षाही मला त्या व्यासपीठासमोर बसलेल्या माणसांची काळजी वाटते. ज्याने दुसऱ्याला मत दिले त्याला त्या दिवशी असे वाटले असेल, की आपण ख्रिस्तापासूनच दूर गेलो.

पाळकांकडे एकटे जा आणि हेच सांगा. ‘तुम्ही विकले गेलात’ असे म्हणू नका, कारण ते आपल्याला ठाऊक नाही; उपासनेत बसलेल्या आपल्या घरच्यांना काय वाटले ते सांगा. त्यानंतर मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीकडे लेखी विनंती करा, की निवडणूक जाहीर झाल्यापासून निकालापर्यंत कोणत्याही पक्षाच्या माणसाला व्यासपीठावर बसवू नये, आणि तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायाप्रमाणे सर्व अधिकाऱ्यांसाठी, कोणाचेही नाव न घेता, प्रार्थना व्हावी. जी कुटुंबे येत नाहीत त्यांच्या घरी कमिटीतील दोघांनी आणि शक्य असल्यास पाळकांनी स्वतः जावे. ती कुटुंबे लगेच परत आली नाहीत तरी आजारपणात, लग्नकार्यात आणि दफनविधीत मंडळीने त्यांच्या दारात उभे राहावे.