पांढऱ्या केसांना हात लावण्याआधी

चि. पोरी, अनेक आशीर्वाद.

निपाणीत तुझं पार्लर सुरू होऊन पंधरा दिवस झाले. परवा फोनवर तू विचारलंस, "अक्का, पांढऱ्या केसांसाठी कुठला कलर आणून ठेवू?" दोन मिनिटांत सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून लिहायला बसले.

आधी गिऱ्हाइकाला विचार, रंगवायचे आहेत का? बाई खुर्चीत बसली की तिच्या भांगाकडे बघून आपणच ठरवून टाकतो. कन्नड बोलणारी असेल तर 'नरे', म्हणजे पिकलेले केस, हा शब्द तिच्या तोंडून आधी निघू दे. पांढरे केस तसेच ठेवायला आलेल्या बाईला आपण डायचं कार्ड दाखवलं, तर तिला उगाच कमीपणा वाटतो. हे मी पाहिलंय.

विशीतल्या मुलीला घेऊन आई येईल, स्थळं बघायला लागलोय म्हणेल. त्या पोरीला लगेच डाय लावू नकोस. वयाच्या २५च्या आत केस पिकले तर आधी आई-वडलांचे कधी पिकले ते विचार, पुष्कळदा ते घराण्यातूनच येतं. तरी बी-१२, लोह आणि थायरॉईड एकदा तपासून घ्या म्हणून सांग. शुद्ध शाकाहारी घरात बी-१२ दुधा-दह्यातूनच काय मिळेल तेवढं. कमतरता भरून निघाल्यावर कुणाकुणाचे नवे केस काळे येतात, पण तू तसा शब्द देऊ नकोस. रंग तयार करणाऱ्या पेशी केसाच्या मुळाशी असतात. त्या संपल्या की केस बिनरंगाचाच उगवतो. शेताच्या बांधावरचा माका तेलात उकळून लावते म्हणाली तर लावू दे, केस मऊ राहतील. काळे होतील असं मात्र म्हणू नकोस.

आता जे सांगते ते नीट वाच. डाय लावण्याआधी ४८ तास चाचणी, म्हणजे थोडासा डाय कातडीवर लावून खाज-सूज उठते का ते बघायचं. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला, पाकिटावर लिहिलंय तशी, प्रत्येक वेळी. एका वर्षी गणपतीच्या आदल्या दिवशी पार्लर भरलेलं होतं. दोन वर्षं तोच डाय लावणारी बाई आली. नेहमीची म्हणून मी चाचणी केली नाही. दुसऱ्या दिवशी तिचा चेहरा इतका सुजला की डोळे उघडेनात. घरात गणपती बसलेला, आणि ती दवाखान्यात. मी तिच्या उशाशी बसून होते. काळ्या डायमध्ये पीपीडी नावाचं रसायन असतं. ते दहादा सोसतं आणि अकराव्यांदा अंगावर उठतं. एकदा उठलं की जन्मभर सोडत नाही. म्हणून सणाआधी गिऱ्हाइकाला दोन दिवस अगोदर बोलव. रागावून दुसरीकडे गेली तर जाऊ दे. भुवयांना डाय लावा म्हणाली तर सरळ नाही म्हण.

मेंदीतही फसवणूक आहे. नुसत्या मेंदीच्या पाल्यानं पांढरा केस नारिंगी-तांबडाच होतो. मेंदी म्हणून विकलेली पूड थेट काळं करत असेल, तर पाकीट उलटून त्यात काय घातलंय ते वाच. पाल्यानंच काळं करायचं असेल तर पहिल्यांदा मेंदी, ती धुतल्यावर निळीच्या झाडाच्या पाल्याची पूड. ही पूड लावायच्या वेळीच कालव, रात्रभर भिजवून ठेवलीस तर रंग चढत नाही.

कपड्यांची नीळ वेगळी, पण तिच्यावरून आठवलं. धोतर पिवळं पडलं की आजी नीळ देत असे ना? पांढरे केस ठेवणाऱ्या बायकांचं दुखणं तेच, केस पिवळट दिसतात. बोअरच्या पाण्यातलं लोह, चुलीचा धूर, ऊन, रंगीत तेलं, सगळं पांढऱ्यावर उठून दिसतं. त्यावर जांभळा शाम्पू, आठवड्यातून एकदा, दोन-तीन मिनिटं. जास्त ठेवलास तर जांभळी झाक राहते. शेवटचे दोन तांबे बोअरचे नकोत, नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घे. पांढऱ्या केसाला उन्हापासून राखणारा रंग आतून गेलेला असतो, तो कोरडा आणि राठ होतो. धुण्याआधी साधं खोबरेल लावायला सांग, उन्हात डोक्यावर पदर घ्यायला सांग. आपल्या म्हाताऱ्या बायका घेतात तो बरोबरच घेतात. आणि एकटा-दुकटा पांढरा केस उपटून मागितला तर उपटू नकोस, मुळाजवळ कात्रीनं काप. उपटल्यानं दहा उगवत नाहीत, पण मूळ दुखावतं.

सोबत एक कोरी वही पाठवतेय. गिऱ्हाइकाचं नाव, चाचणीची तारीख, काय दिसलं, एवढं रोज लिही. दिवसभर डाय हाताळणार तू, हातमोजे घालशीलच. पण पहिल्या पानावर आधी तुझंच नाव आणि तुझ्या कानामागच्या चाचणीची तारीख लिही.

तुझी,
अक्का